उंद्रीचा ऐकणारा

किस्से शेणासारखे असतात. रोजच्या रोज उचलून टाकले तर वावराच्या कामी येतात. राहू दिले तर कोठ्यात ढीग होतो, आणि मग वासानं माणूस आत पाय टाकत नाही. माझ्याजवळ असा ढीग झाला आहे. सांगायला बसलो की घरचे म्हणतात, बुढ्यानं पुन्हा सुरू केलं. म्हणून लिहून टाकतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, ज्याला नाही त्यानं चुलीत घालावं. कागद चांगला पेटतो.

निमित्त आमच्या नातवाचं. यंदा तो कॉलेजात शिकवायला लागला. पहिल्याच महिन्यात तोंड सुकवून घरी आला. पोरं ऐकत नाहीत म्हणे. मागच्या बाकावर झोपतात म्हणे. अरे, डोक्यावर पंखा, मागं फळा, पोरं बाकावर बसवून दिलेली, खोलीला दार, आणि हा रडतो! मी ज्यांच्यासमोर बोललो त्यांना बाक नव्हता, दार नव्हतं, आणि उठून जायला चारी दिशा मोकळ्या होत्या.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. माझं शिक्षण विचाराल तर मराठी तिसरी, त्यातली अर्धी मार खाण्यात गेली. सरकारी फार्मवर मी लोखंडी नांगर हाकायचो. शेतकी खात्यात पाठक नावाचे असिस्टंट होते, नागपूरला शिकून आलेले. ते गावोगाव व्याख्यानं द्यायचे. माणूस भला, पण त्यांची भाषा अशी इस्त्रीची, की लोक ती ऐकून घडी घालून ठेवून द्यायचे. कोणीतरी वर कळवलं, गावच्या बोलीत बोलणारा माणूस पाहिजे. पाठकसाहेबांनी फार्मवर नजर टाकली. बैलांवर सर्वांत मोठ्यानं ओरडणारा मी दिसलो. झालो कामदार, म्हणजे गावोगाव फिरून शेतीचं सांगणारा.

सांगायचं काय होतं? ज्वारीवर काणी पडते. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते, हात लावला की उडते. त्यावर औषध म्हणजे मोरचूद. निळे खडे पाण्यात विरघळवायचे, पेरायच्या आधी त्यात बी बुडवून काढायचं, सावलीत सुकवायचं, पेरायचं. भिजवलेलं बी विषारी, ते खायचं नाही. संपलं. मला वाटलं, पेटवलेली बिडी विझायच्या आत सांगून होईल.

नोकरी मात्र कच्ची. पाठकसाहेबांनी बजावलं होतं, पुढच्या पेरणीआधी नागपूरचा मोठा साहेब येणार. कुठल्यातरी एका गावात बसून व्याख्यान पाहणार. लोकांनी ऐकलं तर तू कायम. लोक उठून गेले तर तू परत फार्मवर, बैलांच्या शेपटीमागं. आता शेपटीमागं वाईट काही नाही, तिथं निदान पुढचा चालत तरी असतो. पण कामदाराचा खाकी कोट अंगावर चढला होता, आणि तो माझ्या सासऱ्यानं पाहिला होता.

*

पहिलं व्याख्यान वडनेर भोलजीला. गर्दी जमावी म्हणून फार्मची बैलजोडी आणि लोखंडी नांगर संगं नेला होता. गर्दी झाली. मी गाडीवर उभा राहून सुरू केलं.

थोड्या वेळानं ध्यानात आलं, की सारी गर्दी माझ्याकडं पाठ करून उभी आहे. तोंडं बैलांकडं. एकानं बैलाचा ओठ वर करून दात पाहिले. दुसऱ्यानं वशिंडावर हात फिरवला. तिसऱ्यानं शेपूट पिळून पाहिली, तेव्हा बैल जेवढा चमकला तेवढं माझ्या एकाही वाक्याला कोणी चमकलं नाही. मी आवाज चढवला. ते बैलांच्या आणखी जवळ सरकले, बहुतेक माझा त्रास होत असावा.

घसा कोरडा करून खाली उतरलो. एक पांढऱ्या फेट्याचा म्हातारा जाता जाता शेजाऱ्याला सांगत होता,

"जोडी चांगली हाय. पण मालक भलता बोलून राह्यला. कुठीतरी खोट असन."

*

पाठकसाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तुझी पद्धत चुकते. आपणच बोलत राहायचं नाही. आधी श्रोत्यांना प्रश्न विचारायचा. मग ते विचार करतात, भाग घेतात, झोपत नाहीत. हे त्यांना कॉलेजात शिकवलं होतं. म्हटलं, शिकलेला माणूस आहे, ऐकून पाहू.

संग्रामपूरला बैल नेलेच नाहीत. बाजाराच्या कडेला लोक बसवले, मोरचुदाची बरणी हातात धरली आणि विचारलं, "सांगा मंडळी, ज्वारीवर काणी काऊन पडते?"

मग एकजण विचार करून म्हणाला, पेरायले निघतेवेळी रिकामी घागर आडवी आली का काणी पडते. चार माना डोलल्या. मला बरं वाटलं, माणसं विचार करून राह्यली. तेवढ्यात मागून एक गडी उठला. त्याची सासू गेल्या पेरणीला रिकामी घागर घेऊन ह्याच माणसाच्या तिफणीपुढून गेली होती.

"माह्या सासूचं नाव घेतं काय बे?"

"नाव कुठी घेतलं? घागरीचं घेतलं."

"घागर सासूचीच होती!"

मग मंडळींनी जो भाग घेतला म्हणता! अर्धं गाव सासूकडून, अर्धं तिफणीकडून. कोणाचं ढोर कोणाच्या कडब्यात गेलं होतं इथपासून, कोणी कोणाला लग्नात पंगतीत उशिरा वाढलं होतं इथपर्यंत सारं निघालं. मी मधोमध बरणी पोटाशी धरून उभा. ती फुटली असती तर सरकारनं माझ्याकडून भरून घेतली असती.

परत आलो तर पाठकसाहेबांनी उत्सुकतेनं विचारलं, काय, लोकांनी भाग घेतला का?

म्हटलं, "एकाचं डोकं फुटलं, साहेब. आणखी किती घ्यावा?"

*

गावोगाव मला चांदभाई न्यायचे. त्यांची दमणी होती, हलकी बैलगाडी, वर ताडपत्री, आत गवत. माझं प्रत्येक व्याख्यान त्या माणसानं जुवाशी बसून ऐकलं होतं, कारण बैल सोडून जाता येत नव्हतं. एका चढावर ते खाली उतरले, बैलांना दम खाऊ दिला आणि म्हणाले, "मास्तर, बुरा मत मानो. चढाव पे बैल कू भी दम देते. आप तो देतेच नहीं."

ही गोष्ट मला पटली. बैलांची भाषा मला समजते. म्हणजे, एक गोष्ट सांगायची आणि थांबायचं. लोकांच्या पोटात उतरू द्यायची. मग पुढची.

पुढच्याच गावात करून पाहिलं. "मंडळी, तुमच्या ज्वारीचा शत्रू तुमच्या बियातच बसून आहे," म्हटलं, आणि थांबलो. चांदभाईंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली, खूप छान.

तेवढ्यात लोक उठले. धोतरं झटकली, जोडे पायात घातले, एकेकानं हात जोडून मला राम राम केला आणि सारे घरी गेले. पोलीस पाटलानं पाठीवर हात ठेवून सांगितलं, की आजवर इतकं चांगलं व्याख्यान ह्या गावानं ऐकलं नव्हतं.

*

सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव आहे. नाव सांगत नाही, माझी सासुरवाडी आहे. तिथं मात्र मी जिंकलो. व्याख्यान संपायच्या आत लोकांनी मोरचुदाच्या पुड्या मागितल्या. फुकट होत्या, पण फुकटचंही आजवर कोणी नेलं नव्हतं. जावयाचा मान म्हणून असेल, पण ज्याला पुडी मिळाली नाही तो रुसला. सासरे त्या दिवशी माझ्या कोटाकडं पाहत होते आणि मी त्यांच्याकडं पाहत नव्हतो. मोठेपणा असाच असतो.

पोळ्याला बायकोला घेऊन तिथं गेलो. तोरणाखाली गावची सारी जनावरं उभी. झुली, घुंगरं, बेगड. आणि शिंगं! अख्ख्या गावच्या बैलांची शिंगं निळी, मोराच्या मानेसारखी. मोरचूद कुटून तेलात खलवून लावला होता. सारं पोळ्यासाठी जपून ठेवलं होतं म्हणे. इतका पक्का रंग बाजारात मिळत नाही.

मी सासऱ्यांना धरलं, की मामंजी, हे बियाला लावायचं होतं, काणी पडू नये म्हणून. ते शांतपणे एका बैलाजवळ गेले, शिंगावरून बोट फिरवलं, बोट मला दाखवलं.

"पाहून घ्या जावईबापू. हाय काय कुठी काणी?"

*

असं करत वर्ष सरत आलं. पाठकसाहेबांचा निरोप आला, की मोठा साहेब पेरणीच्या तोंडावर चिखली तालुक्यात येणार, गाव उंद्री ठरलं आहे. तू आतापासून तिथं जाऊन लोकांना सवय लाव. म्हणजे माझा निकाल उंद्रीच्या हातात. मी चांदभाईंना म्हटलं, चला.

उंद्रीला दवंडी दिली आणि सारा गाव मारुतीपुढच्या निंबाखाली येऊन बसला. कोणाला ओढून आणावं लागलं नाही. माझा तर डोळ्यांवर विश्वास बसेना. पहिलं वाक्य टाकलं. पुढं बसलेला एक वाळका म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, माझ्या तोंडाकडं पाहत म्हणाला, "हूं."

दुसरं वाक्य टाकलं. "हूं."

काय सांगू तुम्हाला! वर्षभर भिंतीशी बोललेल्या माणसाला त्या एका हुंकाऱ्याची किंमत कळते. मी त्याच्याशीच बोलू लागलो. काणी सांगितली, मोरचूद सांगितला, सावलीत सुकवणं सांगितलं. तो बरोबर जागेवर "हूं" देत होता, एक चुकला नाही. रंगात येऊन मी मान वर केली.

बाकीचा गाव झोपला होता. डुलक्या नव्हेत. शेला अंथरून, जोडे उशाला घेऊन, शिस्तीत. पाटील मधोमध उताणे, आणि त्यांचं घोरणं एवढं मोठं, की इतका वेळ मी त्याला रहाट समजत होतो.

मी ओरडून सारे उठवले. पाटलांनी डोळे चोळत विचारलं, झालं काय? मग त्यांनीच मला समजावलं, लहान पोराला समजवावं तसं. आमच्याकडं कहाणी सांगणाऱ्याला कोणीतरी हुंकारा द्यावा लागतो. हुंकारा नसला तर कहाणी पुढं सरकत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आता उंद्री पडली रस्त्यावर. सरकारचा जो उठतो तो इथं येऊन बोलतो. देवीच्या लशीवाला येते, पतपेढीवाला येते, हिवतापवाला येते. एक म्हणते विहिरी खोदा, दुसरा म्हणते डबकी बुजवा. साऱ्यांनी सारं ऐकलं तर वखर कोणी धरावा? म्हणून गावानं एक माणूस नेमला. तुळशीराम आबाजी. त्याला वावर नाही, उतारवयानं झोपही नाही. गावाच्या वतीनं तो ऐकते. न्हाव्याला, सुताराला खळ्यावर धान्य देतात तसं त्यालाही देतात.

म्हणजे बलुतेदार! जसा न्हावी, तसा ऐकणारा!

मी तुळशीराम आबाजीला गाठलं. म्हटलं, आबाजी, गेल्या साली पाठकसाहेबांचंही तुम्हीच ऐकलं ना? मग उंद्रीत एकाही बियाला मोरचूद काऊन लागला नाही?

तो दुखावल्यासारखा झाला.

"मास्तर, मी ऐकणारा. वावर माह्यं नाई, बी माह्यं नाई. करणारे थे निजले हाएत."

"मग उठल्यावर त्यांना सांगायचं ना!"

"ऐकाचं असतं, तं त्याहीनं मले कायले ठेवलं असतं?"

मी बरणी उचलली आणि चांदभाईंना म्हटलं, जुंपा.

*

तरी मी हट्ट सोडला नाही. आठवड्याच्या बाजारादिवशी उंद्री, हे ठरवूनच टाकलं. एकदा गेलो तर निंबाखाली चिटपाखरू नाही. पाटलांनी घरातूनच निरोप दिला, की आज व्याख्यान होत नाही, तुळशीराम आबाजीला ताप आहे. शाळेला सुट्टी द्यावी तसं.

माझं डोकं फिरलं. साहेब तोंडावर आला, आणि ह्यांचा ऐकणारा आजारी! तसाच आबाजीच्या घरी गेलो. तो वाकळ तोंडावर ओढून पडला होता. मी खाटेजवळ बसलो आणि म्हटलं, आबाजी, तुम्ही पडून राहा, मी बोलतो. आणि केलं सुरू. काणी, मोरचूद, सावली, सारं. वाकळीच्या आतून हुंकारा येत होता, बारीक पण जागच्या जागी.

चुलीपाशी आबाजीची म्हातारी भाकरी थापत होती. बऱ्याच वेळानं तिनं थापणं थांबवलं.

"मास्तर, जरा हळू बोला बाप्पा. बुढ्याचं जाऊ द्या, मले झोप येऊन राह्यली. भाकर जळन."

*

आता मोठ्या साहेबाचं ऐका.

साहेब उंद्रीला येणार त्याच्या आधीचे दिवस मी गावोगाव बोंबलत फिरलो. म्हटलं, जीभ सैल झाली पाहिजे. उन्हाळा असा, की भुईवर पाणी सांडलं तर डाग राहत नव्हता. जीभ सैल झाली आणि घसा बसला. साधा बसला नाही, पार गेला. ज्या सकाळी साहेब यायचा त्या सकाळी उंद्रीच्या चावडीत उठून मी चांदभाईंना हाक मारली, तर नुसती हवा आली. आबाजीच्या म्हातारीनं हळद-दूध पाजलं, ज्येष्ठमध चघळायला दिला, गळ्याला तव्यावर तापवलेलं फडकं बांधलं. फार झालं तर नाकातून एक हुंकार निघायचा. बाकी शब्द म्हणून निघेना.

पाठकसाहेब सायकलवरून आले. मी तोंड उघडून दाखवलं, बंद करून दाखवलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. माझी नेमणूक त्यांनीच केली होती. ते निंबाखाली इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरले. मग त्यांची नजर तुळशीराम आबाजीवर थांबली. चांदभाईंची बोली हिंदी; त्यांना सोडलं तर उंद्रीत माझी सारी व्याख्यानं ऐकलेला जिवंत माणूस तो एकच.

"कोट काढ," पाठकसाहेब मला म्हणाले.

मी दोन्ही हातांनी कोट धरला. त्यांनी बटणं सोडली. माझ्या डोळ्यांदेखत माझा खाकी कोट त्या म्हाताऱ्याच्या अंगावर चढला. बाह्यांतून नुसती बोटं दिसत होती. साहेबानं मला कधी पाहिलं नव्हतं, तेवढंच देवानं चांगलं केलं होतं. मला नुसत्या अंगातल्या बंडीत गावकऱ्यांत बसवलं.

साहेब आला. उंच, लाल, घामाघूम. खुर्चीवर बसला, टोपी मांडीवर ठेवली. गाव समोर बसलेला. पाटलांनी सगळ्यांना ताकीद दिली होती, की आज कोणी आडवं व्हायचं नाही, बसूनच झोपायचं.

तुळशीराम आबाजी उभा राहिला. छाती पुढं काढली, आणि माझंच पहिलं वाक्य, माझ्याच आवाजाच्या चढउतारात, खणखणीत टाकलं.

आणि थांबला.

मला वाटलं विसरला. पाठकसाहेबांना वाटलं विसरला. साहेबानं खिशातलं घड्याळ काढलं. आबाजी शांत. तो डाव्या बाजूला पाहे, उजव्या बाजूला पाहे. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. तो विसरला नव्हता. तो हुंकाऱ्यासाठी थांबला होता! उंद्रीत हुंकारा द्यायचं काम ज्याचं, तोच आज उभा होता. हुंकाऱ्याशिवाय पुढचं वाक्य तो मेला तरी बोलला नसता, आणि दुसऱ्याच्या बलुत्यात तोंड घालायला गावात कोणी तयार नव्हतं. पाठकसाहेब बोटांनी खुणा करून राह्यले, पुढं बोल, पुढं बोल. आबाजी ढिम्म. साहेबानं टोपी हातात घेतली.

मी नाकातून जोर लावला.

"हूं."

आबाजीचा चेहरा फुलला. दुसरं वाक्य आलं. मी हुंकारा दिला. तिसरं आलं. मग काय, गाडी उताराला लागली. म्हाताऱ्यानं काहीच सोडलं नाही. काणी सांगितली, मोरचूद सांगितला, माझं खाकरणं खाकरला, आणि जिथं मी दर वेळी चिडून ओरडायचो, तिथं, "पाटील, घोरता कायले, म्हशी तरी बऱ्या!" हेही टाकलं, चिडून, हात हलवून. पाटील खरंच घोरत होते, त्यामुळे ते बसलंही बरोबर. सारा गाव, ऐकणारा ठरल्याबरोबर, माना टाकून निवांत झोपला होता. जागा असलेला, तोंडाकडं पाहणारा, वाक्यावाक्याला हुंकारा देणारा गावकरी अख्ख्या उंद्रीत एकच.

व्याख्यान संपलं. साहेब पाठकसाहेबांशी इंग्रजीत बोलला, आणि आबाजीच्या कोटाकडं बोट करून मान हलवली. त्याचा अर्थ मला नंतर कळला: बोलणारा जोरदार आहे, लोकच नालायक आहेत, कामदाराला कायम करा.

मग तो काठी टेकत गावकऱ्यांत शिरला. बसल्या जागी झोपलेल्यांतून वाट काढत सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला. हातात हात घेतला. वर्षभरात माझ्या कामाचं कोणी असं कौतुक केलं नव्हतं.

"तुम ऐकला. तुम समजला?"

"हूं," मी म्हटलं.

"तुम बी को दवा लगायगा?"

मी पाठकसाहेबांकडं पाहिलं. पाठकसाहेब निंबाचा शेंडा पाहत होते. पाटलांचं घोरणं थांबलं होतं आणि त्यांचा एक डोळा उघडा होता.

"हूं."

साहेब खूश होऊन गेला. पाठकसाहेब त्याच्यामागं सायकल दामटत गेले. मी चावडीत अंग टाकलं. नोकरी कायम झाली होती, सासऱ्याला तोंड दाखवता येणार होतं. एकच ठरवलं होतं, की सकाळी आबाजीकडून कोट घ्यायचा आणि ह्या गावाला कायमचा राम राम ठोकायचा.

सकाळी गलक्यानं जाग आली. चावडीचं दार उघडलं तर बाहेर पाय ठेवायला जागा नाही. टोपल्या, डाली, पोती, मडकी. साऱ्या उंद्रीचं ज्वारीचं बियाणं चावडीपुढं आणून ठेवलेलं. बाजूला पाण्यानं भरलेले रांजण. पाटील पुढं आले, आणि मला म्हणाले,

"मास्तर, ह्या गावात आजवर नुसता हुंकारा झाला. करतो असं कोणी म्हटलं नव्हतं. काल तुम्ही म्हटलं, साहेबाच्या हातात हात देऊन म्हटलं. ऐकणारे तुम्ही, कबूल करणारे तुम्ही. आता भिजवा."

मी भांडायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.

गाव निंबाखाली जाऊन आडवा झाला. मी मोरचुदाची बरणी काढली, खडे रांजणांत विरघळवले आणि पहिली टोपली रांजणात बुडवली. चावडीच्या पायरीवर तुळशीराम आबाजी बसला होता. माझा कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. टोपली पाण्याबाहेर निघाली, बी सावलीत पसरलं, तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहून मान हलवली.

"हूं."